खंजिरी भजन स्पर्धा गावातून थेट रेडिओवर: चार तास लाइन टिकवायची कशी?

मोहफूल

नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यात ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या गावात कार्तिकात खंजिरी भजनाची स्पर्धा आहे. रात्री ८ ते १२, मंडळं १८, प्रत्येकाला १० मिनिटं. आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र तिथून ११ किलोमीटरवर आहे. यंदा ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी लावण्याऐवजी स्पर्धा थेट द्यायची आहे.

हाताशी आहे ते असं: दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, दोन डायनॅमिक माइक, एक हँडी रेकॉर्डर, आठ वर्षं जुना पण चालणारा लॅपटॉप, एक ४जी फोन. मंडपवाल्याकडे १२ चॅनलचा मिक्सर आहे. ग्रामपंचायतीत फायबर आलंय, पण मंडप तिथून अडीचशे मीटरवर. वरखर्चाला १२ हजार.

चाचणी म्हणून मेसेजिंग ॲपच्या कॉलवरून आवाज पाठवून पाहिला. बोलणं स्वच्छ येतं, भजन सुरू झालं की खंजिरी जवळजवळ नाहीशी होते आणि पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी येते. दुपारी दोनला त्याच जागी अपलोड ९ एमबीपीएस दाखवत होतं. मग नेट चांगलं असून आवाज असा का? आणि या सामानात चार तास निभतील का?

---

५८५_किलोहर्ट्झ

दोष नेटचा नाही, कॉलच्या ॲपचा आहे. त्यात तीन गोष्टी कायम चालू असतात: नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणं), इको कॅन्सलेशन (परत आलेला आवाज काढणं) आणि आपोआप आवाज वर-खाली करणारा गेन. तिन्ही माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेल्या. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज गणिताच्या नजरेत गोंगाटासारखाच दिसतो, म्हणून सप्रेशन तो खाऊन टाकतं. पेटीचा लांब स्वर त्याला पंख्याची घरघर वाटते. थाप जोरात पडली की गेन खाली दबतो आणि पुढचे दोन-तीन शब्द बुजतात. ९ ऐवजी ९० एमबीपीएस मिळाले तरी हे असंच ऐकू येणार.

साधा फोन कॉल तर त्याहून अरुंद. जुन्या कॉलला ३०० ते ३४०० हर्ट्झ, व्होल्टीच्या (४जीवरच्या) कॉलला बहुधा ७ किलोहर्ट्झपर्यंत. चकत्यांची खणखण त्याच्या वर राहते. तेव्हा ज्या ॲपमध्ये या तिन्ही गोष्टी बंद करता येतात तेच वापरायचं. ब्राउझरवर चालणारं क्लीनफीड किंवा फुकट मिळणारं सोनोबस, दोन्हींत ओपस कोडेक (आवाज लहान करून पाठवायची पद्धत) आहे. ओपस २०१२ साली प्रमाण म्हणून आला आणि बाहेरगावाहून आवाज आणण्याचं अर्धं काम त्यानेच सोपं केलं. नागपूर आकाशवाणी १९४८ची. त्या जमान्यात बाहेरचा कार्यक्रम थेट द्यायचा म्हणजे तार-टेलिफोन खात्याकडून प्रोग्राम लाइन भाड्याने घ्यायची. आता तेच काम लॅपटॉपमधून होतं, पण लाइन स्वच्छ राखायची जबाबदारी खात्याकडून आपल्यावर आली आहे.

आता क्रम. पहिलं काम मुद्रण, दुसरं प्रक्षेपण. हँडी रेकॉर्डर लॅपटॉपच्या साखळीत जोडू नका. तो स्वतंत्र, स्वतःच्या बॅटरीवर, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटवर चालू द्या. स्टिरिओ चार तासांचे साधारण ४.१५ जीबी होतात, १६ जीबीचं कार्ड पुरे. काही रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडून नवी सुरू करतात, म्हणजे दोन तासांच्या आतबाहेर. ती तोड नेमकी भजनाच्या मधोमध येऊ नये म्हणून नवव्या मंडळानंतर हाताने थांबवून नवी फाइल सुरू करा.

मंडपवाल्याच्या मिक्सरमधून आवाज घेताना "रेकॉर्ड आउट" टाळा. काही मिक्सरमध्ये तो मुख्य फेडरच्या (आवाज वर-खाली करायच्या सरकपट्टीच्या) नंतरचा असतो. मैदानात शिट्टी मारू लागली की साऊंडवाला मास्टर खाली ओढणार आणि तुमचा रेडिओही खाली जाणार. एक ऑक्स (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची वाट) मागा आणि तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा, करून घ्या. ती तार इंटरफेसच्या लाइन इनपुटलाच लावायची, माइक इनपुटला नाही. मिक्सरच्या लाइन आउटची पातळी माइकपेक्षा ४०-५० डेसिबलने जास्त असते. माइकच्या भोकात घातली तर गेन शून्यावर नेला तरी आवाज फाटलेलाच राहतो, आणि लोक उगाच इंटरफेस बिघडला म्हणतात.

पण एकट्या ऑक्सवर राहू नका. मिक्सरमध्ये गाणाऱ्याचा गळा भरपूर असतो आणि खंजिरी जवळजवळ नसते, कारण ती तशीच मैदानभर ऐकू येते, तिला माइक कोण लावतो? म्हणून पहिल्या चॅनलला ऑक्स आणि दुसऱ्याला तुमचा एक डायनॅमिक माइक, रंगमंचाच्या पुढच्या काठावर, खंजिरीपासून दीड-दोन मीटरवर. लांब नको. दहा मीटरवर ठेवला तर त्याच्यातला आवाज २८-२९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि ऑक्समध्ये मिसळला की प्रत्येक थाप दुहेरी वाजते.

पातळी: सरासरी उणे १८ डेसिबल, थापेची टोकं उणे ६च्या पुढे नकोत. पहिल्या मंडळाची पहिली ओळ सुरू असताना गेन लावून टाका आणि नंतर हात लावू नका. दर दहा मिनिटांनी मंडळ बदलणार, साऊंड चेकला वेळ मिळणार नाही, म्हणून वर एवढी मोकळी जागा सोडलेली बरी. २४ बिटात कमी पातळीवर घेतलेलं नंतर वाढवता येतं. फाटलेलं नीट करता येत नाही.

---

टॉवरखालचा

ताई, दुपारी दोनचा ९ एमबीपीएस विसरा. त्या आकड्याचा रात्री साडेनऊशी काही संबंध नाही. तेव्हा मैदानात हजार-दीड हजार माणूस असेल, निम्मे जण व्हिडिओ काढून पाठवत असतील, आणि सगळे त्याच एका टॉवरवर. डाउनलोड तरी तग धरतो, अपलोड आधी मरतो.

डेटा संपेल ही भीती मात्र सोडा. मोनो ९६ केबीपीएस ओपस, वर पाकिटांचा (आवाज ज्या तुकड्यांत जातो त्यांचा) १६ केबीपीएस बोजा (२० मिलिसेकंदाची पाकिटं धरून), म्हणजे ११२ केबीपीएस. तासाला ५० एमबी, चार तासांचे २००. गरज इतकी कमी आहे की ०.३ एमबीपीएस सलग मिळालं तरी काम होतं. अडचण सलगतेचीच आहे.

मोजायचं असं: स्पर्धेच्या आधी गावात बाजाराचा दिवस किंवा दुसरा गर्दीचा कार्यक्रम असेल त्या रात्री, लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर टाकून ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) ६०० पिंग पाठवा, म्हणजे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. दहा मिनिटं लागतात. सरासरी बघू नका, सर्वात मोठा आकडा आणि हरवलेली पाकिटं बघा. सरासरी ७० मिलिसेकंद, मोठा ४००, गळती १ टक्का असेल तर बिनधास्त. सरासरी ६० पण मधेच ३००० येत असेल तर ती लाइन थेट कार्यक्रमाला नालायक. स्पीड टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नाही.

मग सिम. गावात ज्या कंपनीचं सिम सगळ्यांकडे आहे ते घेऊ नका, दुसऱ्या कंपनीचं घ्या. सिग्नलची दांडी एक कमी दिसेल, पण रस्ता मोकळा असेल. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे बँड झाडीतून लांब पोचतात पण अरुंद असतात, गर्दीत लवकर भरतात. २३०० चा रुंद, पण सागवान-बांबूच्या रानात लवकर मरतो. बाहेर अँटेना लावायचा ४जी राउटर मिळाला तर अँटेनाची जाड केबल दहा मीटर खाली आणू नका, सगळं कमावलेलं त्या केबलमध्येच जातं. राउटरच डब्यात घालून वर चढवा आणि खाली लॅनची तार आणा. लॅन १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही.

आणि हेच ग्रामपंचायतीच्या फायबरचं. अडीचशे मीटर लॅन चालणार नाही, मधे स्विच टाकून ओढायचा विचारही करू नका, त्याला वीज कोण देईल? ५ गिगाहर्ट्झची बाहेर लावायची वायफाय जोडी, एक पंचायतीच्या गच्चीवर, एक मंडपाच्या खांबावर, मधे झाड नको. तुमच्या १२ हजारांतला मोठा वाटा त्यातच जाईल, पण मी खर्च तिथेच करेन, नव्या माइकवर नाही. फायबर मुख्य, सिम राखीव. उलटं नको.

पंचायतीत एक बघून ठेवा: फायबरच्या डब्याला बहुधा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर असतो. लाइट गेली की डबा बंद, तुमचा मंडप जनरेटरवर झगमगत असला तरी. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस तिथेही लावा. डबा आणि वायफाय दोन्ही मिळून किती अँपिअर घेतात ते ॲडॅप्टरवर वाचून तेवढ्यावर कार्यक्रमाच्या दुप्पट वेळ चालेल असा घ्या. चावी कोणाकडे असते तेही आजच विचारा. रात्री नऊला ग्रामसेवक भेटत नाही.

---

मंडपातला_माणूस

ताई, हे सारं खरं हाय, पन मैदानात पयले गुणगुण येते, नेट मंग जाते.

मिक्सर जनरेटरवर, लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर, दोघायच्या मधात ऑडिओची तार. झालं, ५० हर्ट्झची हूंऽऽ चालू. पयली परीक्षा: लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण गेली तर ती चार्जरची, किंवा चार्जरवाटे जुळलेल्या दोन अर्थिंगची. दोन्हीवर एकच इलाज, मधात १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. लाइन आयसोलेटर नावानं मिळते, पॅसिव्ह घ्या, त्याले वीज लागत नाई. पन एक गोष्ट पक्की आयका: प्लगची मोठी पिन तोडू नोका, त्याच्यावर टेप बी गुंडाळू नोका. गुणगुण जाते खरी, पन ओल्या मंडपात गानाऱ्याच्या हातातला माइक लोखंडाचा असते.

झगमग लाइटच्या माळा असतीन तर माइकची तार त्याच्याबरोबर बांधू नोका. एक हात दूर, अन ओलांडायची झाली तर आडवी, चौकात. डिमरची कुरकुर काढता काढता रात्र जाते.

कार्तिकात नऊनंतर दव पडते. कंडेन्सर माइक आनू नोका, ओल्या हवेत तो चर्र चर्र करते. तुमच्यापाशी डायनॅमिक हायेत ते बरं झालं. मोबाइल मिक्सरच्या डोक्यावर ठेवू नोका. २जीवर उतरला की टर्र टर्र टर्र सारं रेडिओवर.

---

मोहफूल

खूप आभार. गेल्या मंगळवारी बाजाराच्या संध्याकाळी ६०० पिंग घेतले. गावात सर्वांकडे असलेल्या सिमवर: सरासरी ९४, मोठा ४२००, गळती ६ टक्के. दुसऱ्या सिमवर: सरासरी ७८, मोठा ६१०, गळती १.५ टक्के, सिग्नल उणे १०८ डीबीएम. पंचायतीच्या फायबरवर सरासरी १९, मोठा ५५, गळती शून्य.

म्हणजे टॉवरखालचा म्हणतात तेच. वायफाय जोडीची सोय होतेय, मधे एक कडुनिंब आहे पण बाजूने रेषा निघते.

आता दोन प्रश्न. एक, केंद्रातला आयटीवाला म्हणतो की आपल्या स्टुडिओच्या कनेक्शनला बाहेरून जोडणी होत नाही, पब्लिक आयपी नाही. दोन, मंडळं बदलताना स्टुडिओतली निवेदिका मैदानातल्या सूत्रसंचालकाशी बोलणार आहे. सराव केला तेव्हा तिला स्वतःचाच आवाज दीड सेकंदाने परत येत होता.

---

टॉवरखालचा

पहिल्याचं उत्तर: आपल्याकडे बहुतेक मोबाइल आणि पुष्कळ घरगुती फायबर कनेक्शनं एका आयपीमागे शेकडो ग्राहक ठेवतात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांनी बाहेरच जायचं आणि मधे भेटायचं. महिन्याच्या भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला, १ जीबी रॅमचाही चालतो. मैदान तिकडे पाठवतं, स्टुडिओ तिथून घेतो. महिनाभराचं भाडं भरून नंतर बंद करा.

त्यावर एसआरटी (नेटवरून थेट आवाज पाठवायची पद्धत) चालवा. यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता पाकिटं सोडणाऱ्या पद्धतीवर चालतं, पण हरवलेलं पाकीट ठरलेल्या वेळेत परत मागतं, वेळ टळली तर सोडून पुढे जातं. उशीर म्हणजे लेटन्सी निदान पिंगच्या चौपट ठेवायची. तुमच्या राखीव सिमचा मोठा आकडा ६१० आहे, तेव्हा अडीच सेकंद ठेवा. भजन ऐकणाऱ्याला अडीच सेकंदांनी काही फरक पडत नाही.

एक खड्डा सांगून ठेवतो. ओबीएसमध्ये (लॅपटॉपवरून थेट पाठवायचा प्रोग्राम) एसआरटीच्या पत्त्यात लेटन्सी मायक्रोसेकंदांत लिहायची असते, फोनवरच्या लारिक्ससारख्या ॲपमध्ये मिलिसेकंदांत. ओबीएसमध्ये २५०० लिहिलं की ते अडीच मिलिसेकंद झाले. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असेल तर एसआरटी दोघांतला मोठा आकडा घेतं, म्हणून चाचणीत चूक दिसत नाही. दोन्हीकडे ओबीएस असलं की मात्र पहिल्या गर्दीत आवाज फाटायला लागतो. २५००००० लिहा, शून्यं मोजून.

---

५८५_किलोहर्ट्झ

एसआरटीला विरोध नाही, पण या कामाला ते जास्तीचं वाटतं. मैदानात एकटीच व्यक्ती सगळं बघणार असेल तर त्याच क्लाउडवर आइसकास्ट (आवाजाचा प्रवाह घेऊन ऐकणाऱ्यांना देणारा सर्व्हर) आणि लॅपटॉपवर बट हा छोटा प्रोग्राम. इंटरफेस निवडा, ओपस ९६ मोनो, पत्ता, पासवर्ड, चालू. बट पाठवता पाठवता लॅपटॉपवरच मुद्रणही करतं, म्हणजे रेकॉर्डर धरून दोन प्रती झाल्या. एकच काळजी: पाठवण्यासाठी ओपस आणि मुद्रणासाठी वेव्ह, दोन वेगवेगळ्या खिडक्यांत निवडावं लागतं. दोन्ही एकच असेल असं गृहीत धरू नका.

आइसकास्ट टीसीपीवर आहे, ते हरवलेलं पाकीट मिळेपर्यंत थांबतं. गळती झाली की आवाज फाटत नाही, तुंबतो आणि उशीर वाढत जातो. शून्य गळतीच्या फायबरवर तो प्रश्नच नाही. शिवाय आइसकास्टमध्ये फॉलबॅक माउंट असतो. मैदानाची लाइन तुटली की ऐकणारा आपोआप दुसऱ्या प्रवाहावर जातो. तिथे आधी मुद्रित केलेलं भजन लावून ठेवा आणि लाइन परतली की पुन्हा मैदान. हवेवर शांतता पसरत नाही आणि निवेदिकेची धावपळ वाचते. सुरुवातीला आइसकास्ट ऐकणाऱ्याला ६४ केबीचा साठा एकदम देतो, ९६ केबीपीएसला ते साडेपाच सेकंद होतात. स्टुडिओत तेवढा उशीर दिसला तर घाबरू नका, तो तसाच असतो.

जुना लॅपटॉप आहे, म्हणून: विंडोज अपडेट आठवडाभर थांबवा, स्लीप बंद, यूएसबीची वीज वाचवणारी सोय (सिलेक्टिव्ह सस्पेंड) बंद. इंटरफेस तासाभराने "आपोआप" नाहीसा होतो त्यामागे बहुतेक वेळा ही शेवटची सोय असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिक्स-मायनस. मैदानाला परत पाठवायचा आवाज म्हणजे स्टुडिओचं सगळं, वजा मैदानाचा स्वतःचा आवाज. निवेदिकेलाही तसंच. तुमच्याकडे बहुधा असं होतंय: स्टुडिओ मुख्य आउट मैदानाला पाठवतोय, मैदानात तो स्पीकरवर वाजतोय, आणि माइक तोच उचलून परत पाठवतोय. स्टुडिओच्या मिक्सरवर एक ऑक्स घ्या, त्यात फक्त निवेदिकेचा माइक वर, मैदानाच्या चॅनलचा नॉब पूर्ण बंद. हा ऑक्स मैदानाला जातो, आणि तिथे तो हेडफोनवरच, स्पीकरवर कधीही नाही.

आणि संवादासाठी भजनाची लाइन वापरूच नका. पाच-सहा सेकंदांच्या उशिरावर दोन माणसं बोलू शकत नाहीत, एकमेकांच्या वाक्यावर चढतात. एका दिशेचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असेल तोवर बोलणं नैसर्गिक वाटतं. मंडळ बदलताना क्लीनफीड किंवा सोनोबस, राखीव सिमवरून. सूत्रसंचालकाचा माइक तिकडे, भजन आइसकास्टवर. निवेदिकेने मात्र लक्षात ठेवायचं: सूत्रसंचालक "आता पुढचं मंडळ" म्हणेल तेव्हा आइसकास्टवर अजून मागच्या भजनाचे शेवटचे सहा सेकंद चालू असतील. भजन पूर्ण संपू द्यायचं, मग सूत्रसंचालकाचा फेडर उघडायचा. आणि पुढच्या मंडळाला आइसकास्टवर जाताना सूत्रसंचालकाचीच घोषणा दुसऱ्यांदा ऐकू येईल, तेवढी सहा सेकंदं निवेदिकेने बोलून भरायची. हे कागदावर लिहून तिच्यासमोर चिकटवा.

---

कान_टवकारून

प्रक्षेपणाच्या नंतरच्या कामाबद्दल कोणी बोललं नाही, आणि गावाबाहेर बसून संपादन करणं हीच मला या सगळ्यातली सर्वात मोठी सोय वाटते.

पहिली अडचण वेळेची. रेकॉर्डर आणि लॅपटॉप, दोघांची घड्याळं वेगळी. ३० भाग प्रतिदशलक्ष एवढाच फरक धरला तरी चार तासांच्या शेवटी ४३० मिलिसेकंद होतो. दोन्ही प्रती एकावर एक ठेवल्या तर सुरुवात जुळते आणि शेवटचं मंडळ विहिरीतून गाताना ऐकू येतं. पूर्ण फाइल ताणून जुळवू नका. मंडळागणिक तुकडे करा. दहा मिनिटांत हाच फरक १८ मिलिसेकंद उरतो, आणि प्रत्येक तुकडा पहिल्या थापेवर नव्याने जुळवला की फार तर शेवटाला जाणवेल. नको असेल तर सम आली की मधे एकदा पुन्हा जुळवा. त्यासाठी प्रत्येक मंडळ बसलं की सूत्रसंचालकाने माइकसमोर एक टाळी द्यावी. खंजिरीची थाप आणि टाळी वेव्हफॉर्मवर लगेच ओळखू येतात.

दुसरी अडचण फाइलची. ४.१५ जीबी गावातून ५ एमबीपीएसने वर चढवायला पावणेदोन-दोन तास जातात, आणि मधे तुटलं की पुन्हा शून्यापासून. तेव्हा मूळ फाइल गावातच ठेवायची. लॅपटॉपवर तिची ६४ केबीपीएसची ओपस प्रत काढा, चार तासांचे ११५ एमबी. ती नागपूरला पाठवा. नागपूरचा माणूस रीपर या संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्या हलक्या प्रतीवर काटछाट, फेड, पातळ्या सगळं करतो आणि फक्त प्रोजेक्ट फाइल परत पाठवतो. ती नुसत्या मजकुराची असते, किलोबाइटांत मावते. गावातल्या लॅपटॉपवर ती उघडली की हरवलेल्या फाइलच्या जागी मूळ वेव्ह दाखवायची आणि रेंडर मारायचा. यासाठी एमपी३ वापरू नका. सुरुवातीला तो थोडी शांतता भरतो, काही प्रोग्राम ती कापतात, काही कापत नाहीत, आणि सगळे कट जरा सरकतात.

तिसरी गोष्ट खास खंजिरीची. एफएमवर पाठवताना उंच स्वर मुद्दाम वाढवले जातात, आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस आहे. १० किलोहर्ट्झला ती वाढ सुमारे १० डेसिबल होते. चकत्यांचा सगळा जीव तिथेच. परिणाम असा की केंद्राचा लिमिटर प्रत्येक थापेला दाबतो आणि गाणाऱ्याचा गळा आत-बाहेर पंपासारखा होतो. लोक याला "रेडिओचा आवाज खराब" म्हणतात. खंजिरीच्या माइकवर ८ किलोहर्ट्झच्या वर शेल्फने (त्यावरचं सगळं एकदम खाली आणणाऱ्या फिल्टरने) ३-४ डेसिबल कमी करा, थेट जातानाही. हेडफोनवर जरा मंद वाटेल, रेडिओवर बरोबर लागेल. कम्प्रेसर लावायचाच तर गळ्याच्या चॅनलवर ३:१ च्या पुढे नाही, पूर्ण मिक्सवर नकोच, केंद्राचा प्रोसेसर तेच पुन्हा करणार आहे. ऑनलाइन टाकायची प्रत वेगळी काढा, उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप).

आणि गाणाऱ्यांना विचारून घ्या. थेट प्रक्षेपण, पुन्हा लावणं, ऑनलाइन ठेवणं, तीन वेगळ्या परवानग्या. मंडळाच्या नोंदणीच्या कागदावरच तीन चौकोन छापा.

---

मंडपातला_माणूस

टाळीचं चांगलं सांगतलं. पन टाळी माइकच्या तोंडाशी नोका देऊ, हातभर दूर. नाईतर तीच फाटते.

---

मोहफूल

ठरलं असं: फायबर आणि आइसकास्ट मुख्य, दुसऱ्या सिमवर क्लीनफीड, रेकॉर्डर वेगळा. एसआरटी पुढच्या वेळी. पॅसिव्ह आयसोलेटर दोन घेतले.

शेवटचं एकच. इंटरफेसला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळते आणि लॅपटॉपची बॅटरी दीड तासच टिकते. चार्जर लावला तर गुणगुण येते, आयसोलेटर लावूनही थोडी राहते. मग चार तास काढायचे कसे?

---

५८५_किलोहर्ट्झ

आयसोलेटर फक्त ऑक्सच्या तारेवर लावलाय ना? मग उरलेली गुणगुण चार्जरमधून यूएसबीवाटे इंटरफेसमध्ये येतेय. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, दोन्हींचं अर्थिंग एका जागी आलं की पुष्कळदा तेवढ्यावर जाते. राहिलीच तर इंटरफेसला वीज वेगळी द्या. स्वतःचा पाच व्होल्टचा सॉकेट असेल तर पॉवर बँकवर, नसेल तर बाहेरून वीज घेणाऱ्या यूएसबी हबमधून. २० हजार एमएएचच्या बँकेत वापरता येण्याजोगे ६० वॅट-तास धरा, इंटरफेस अडीच-तीन वॅट खातो, रात्र निघून वर उरतील. फक्त बँक कमी लोडला आपोआप बंद होणारी आहे का ते घरी तासभर चालवून बघा.